रात्री पाळकसाहेबांचं दार वाजतं तेव्हा: मंडळीतल्या मानसिक संकटात काय करावं, कसं करावं

आमच्या ख्रिस्ती घरांत कुणी चार रात्री झोपलेलं नसतं, भिंतीशी बोलत असतं, किंवा भरल्या ताटावरून उठून ‘आता जगायचं नाही’ म्हणतं, तेव्हा पहिला फोन डॉक्टरांना क्वचितच जातो. तो पाळकसाहेबांना जातो. वसईकडे किंवा गोव्यात असाल तर फादरना. पाळकसाहेब दौऱ्यावर असतील तर पाळकीणबाई दार उघडतात, त्याही नसतील तर मंडळीतले (चर्चमधले) एखादे वडील, म्हणजे कारभारातले ज्येष्ठ. मानसोपचार वॉर्डात परिचारिका म्हणून मी बावीस वर्षं काढली आणि त्याच काळात महिला मंडळाबरोबर घरभेटीही करत राहिले. वॉर्डात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला ‘आधी कुठे दाखवलं होतं?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर यायचं, ‘प्रार्थना करून घेतली.’ किती दिवस, असं विचारलं की मान खाली जायची. कधी चार महिने, कधी दोन वर्षं.

त्या प्रार्थनेला मी नावं ठेवत नाही, मी स्वतः करते. मला खुपतं ते वेगळंच. आपल्या आजीआजोबांनी प्रार्थना आणि औषध एकाच आवारात पाहिलं होतं. मिरजेला १८९४ साली मिशनरी डॉ. वानलेस यांनी हॉस्पिटल उभं केलं, नगरला मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) बूथ हॉस्पिटल झालं. क्षय, कुष्ठरोग, अडलेलं बाळंतपण, मोतीबिंदू, सगळ्यांसाठी माणसं तिथे गेली आणि सकाळच्या भक्तीलाही बसली. मोतीबिंदू झाला म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. मनाच्या आजाराला मात्र आपण अजून तेच म्हणतो.

म्हणून हा लेख पाळकांसाठी, फादर-सिस्टरांसाठी, वडिलांसाठी, महिला मंडळासाठी आणि तरुण संघातल्या मुलामुलींसाठी. मंडळीने आजार बरा करायचा नाही. मंडळीने तीन गोष्टी करायच्या: सोबत बसायचं, दवाखान्यापर्यंत पोहोचवायचं आणि नंतर परत परत जायचं. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेतल्या जखमी माणसासाठी केलं तेवढंच. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि ‘परत येताना बघतो’ म्हणाला.

संकट येण्याआधी

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीत चार माणसं निवडा. दोन बायका, दोन पुरुष. त्यातलं एक तरी तिशीच्या आतलं हवं, कारण कॉलेजातली मुलं साठीच्या वडिलांना मनातलं सांगत नाहीत. निवडताना बायबल किती पाठ आहे हे पाहू नका. ऐकलेलं पोटात ठेवता येतं का, हे पाहा. मंडळीत एखादी नर्स, आशाताई, शिक्षिका असेल तर तिला आधी विचारा.

मग एक वही करा. तिच्यात आजारी माणसांची नावं लिहायची नाहीत, फक्त पत्ते आणि फोन लिहायचे. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली; फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. तातडीसाठी ११२, अँब्युलन्ससाठी १०८. तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी आणि किती वाजता असते, ते एकाने प्रत्यक्ष जाऊन पाहून यावं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. यातलं तुम्हाला जवळचं कोणतं, रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे लिहून ठेवा. जवळचा एखादा मानसोपचारतज्ज्ञ शोधा आणि पाळकसाहेबांनी त्याला एकदा भेटून ओळख करून घ्यावी. रात्री अकराला अनोळखी डॉक्टरला फोन करणं आणि ओळखीच्या डॉक्टरला करणं, यात फार फरक असतो.

गाडी कुणाची, चालवणार कोण, हेही लिहा. मदतनिधीतून काही रक्कम बाजूला काढा, ती कुणाच्याही सहीची वाट न पाहता पहिल्या रात्री वापरता आली पाहिजे. गोळ्यांचे पैसे नाहीत म्हणून दुसऱ्या महिन्यात उपचार सोडलेली माणसं मी खूप पाहिली.

गुप्तता: इथे बहुतेक मंडळ्या चुकतात

‘बंधूभगिनींनो, अमुकच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिला मनाचा त्रास आहे’ असा निरोप मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण दुपारपर्यंत तो तीन गावांत पोहोचतो. आपला समाज लहान आहे, सोयरिकी आपसात होतात. त्या सुनेच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडतं आणि मग ते घर मंडळीत कुणालाच काही सांगत नाही. पुढच्या वेळी संकट आलं की तिथे दार वाजवायलाही कुणी येत नाही.

नियम सोपा ठेवा. आजारी माणसाने स्वतः होकार दिल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, आजार सांगायचा नाही, ओळख पटेल अशी खूणही द्यायची नाही. आईवडिलांनी होकार दिला तरी आजारी मूल सज्ञान असेल तर त्यालाच विचारायचं. ‘मंडळीतल्या एका घरासाठी प्रार्थना करू या’ एवढं पुरतं, परमेश्वराला पत्ता माहीत आहे.

गुप्ततेला दोन अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत सांगून टाकावेत. जीवाला धोका असेल तर मी एकटी गप्प बसणार नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; मंडळीची अब्रू, पाळकाचं नातं, काहीही आड येत नाही. कॅथॉलिक पापनिवेदनातलं (कन्फेशनमधलं) बोलणं धर्मगुरू कुठेच उघड करू शकत नाही. म्हणून पापनिवेदनात कुणी मरणाची भाषा केली, तर फादरनी त्याला ‘बाहेर बाकावर बस, मी येतो, हेच आपण तिथे बोलू’ असं सांगावं. त्याने तिथे पुन्हा स्वतःहून सांगितलं, तर पुढची मदत आणता येते.

विचारायचं कसं

घरभेटीला गेलात की उपदेशाने सुरुवात करू नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर गप्प जमिनीवर बसले होते; तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

झोप कशी आहे, जेवण जातं का, शेतावर किंवा कामावर जाणं होतं का, असं साधं विचारा. मग सरळ विचारा, ‘काका, इतका त्रास होतोय, तर कधी मरून जावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ हा प्रश्न विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही. उलट, कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस मोकळा होतो. वॉर्डात हा प्रश्न मी किती वेळा विचारला याची मोजदाद नाही. रागावलेली माणसं थोडी, रडलेली पुष्कळ.

उत्तर ‘हो’ आलं तर ताठ होऊ नका. ‘अरे, असं बोलू नये, पाप आहे’ म्हटलंत की ते दार बंद झालं. ‘पोराबाळांचा विचार कर’ हेही नको. तो पोराबाळांचाच विचार करून, आपण त्यांना ओझं झालोय असं मानत असतो. ‘सांगितलंस हे फार बरं केलंस. कधीपासून वाटतंय?’ एवढंच म्हणा. मग पुढचं विचारा: काही ठरवलंय का, कधी करणार, साधन जवळ आहे का, याआधी कधी केलं होतं का. ठरवलेलं असेल आणि साधन हाताशी असेल, तर ती रात्र तातडीची आहे.

ती रात्र

माणसाला एकटं सोडायचं नाही, अगदी मोरीपर्यंतसुद्धा कुणीतरी जवळ हवं. घरात फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा असेल तर ते त्याच तासाला घराबाहेर, शेजारच्या घरी कुलपात जाऊ दे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी लाटेसारखी येते आणि ओसरते. लाट असताना साधन हाताशी नसणं, यावर पुष्कळ जीव वाचतात. आमच्या भागात खरीप-रब्बीच्या फवारणीच्या दिवसांत घरभेटीला गेलं, की मी देवघराच्या आधी औषधाची कपाटं बघते. बायका हसतात. हसू दे.

विष घेतल्याचा संशय असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, डबी किंवा बाटली सोबत घ्या आणि निघा. ‘मला काही होत नाहीये’ असं तो म्हणाला तरी निघा. काही विषांचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

पोलीस केस होईल, या भीतीने कुटुंबं खासगीत लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे, जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं धरून चालतात आणि त्याला शिक्षा करत नाहीत. त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य मानतात. जीव देण्याचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तसं राहिलेलंच नाही. दवाखाना नोंद करील, पोलीस जबाब घेतील, पण गुन्हेगार म्हणून नाही. हे चार वाक्यांत सांगता येईल असं कुणीतरी कुटुंबाबरोबर हवं. पाळकसाहेबांनी गाडीत बसावं, ते यासाठी.

माणूस दवाखान्यात यायला तयार नसेल तर? आधी त्याचा ज्यावर विश्वास आहे अशा एकाच माणसाने बोलावं, दहा जणांनी घेरू नये. ‘झोप लागत नाही ना, झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू’ म्हटलं की बरेच जण येतात, आणि त्यात खोटं काही नसतं. चहाला नेतो म्हणून फसवून मात्र नेऊ नका. तो विश्वास पुन्हा मिळत नाही. जीवाला किंवा इतरांना खरंच धोका असेल, तर कायद्याने कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार देऊ शकतो, जास्तीत जास्त ७२ तास. त्यासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. म्हणजे जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही सुरुवात होऊ शकते.

‘दुरात्मा आहे’ असं म्हणण्याआधी

इथे मला जरा थांबायचं आहे.

विश्वास पुन्हा जागवणारी उजळणी सभा होते. एखादा भाऊ पुढे येतो, साक्ष देतो, बाटली फोडतो. वीस वर्षांची दारू एका रात्रीत सुटते. सगळे हालेलुया म्हणतात, आणि म्हणावंच. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. एकदोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, तो बायकोला ओळखत नाही. घरचे म्हणतात, सैतान सूड घेतोय. सभावाल्यांना बोलावलं जातं, रात्रभर डोक्यावर हात ठेवून गर्जना चालते. हा दारू अचानक तुटल्यामुळे मेंदूला बसलेला झटका आहे. उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो. मिळाला, तर बहुतेक वेळा थोड्या दिवसांत सावरतो. म्हणून रोज पिणारा माणूस सभेत दारू सोडतो म्हणाला, की त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी त्याला डॉक्टरकडे न्या. सभा आयोजित करणाऱ्यांनी मंडपातच हे जाहीर करावं. त्याची साक्ष त्याने खोटी ठरत नाही, त्याचा जीव वाचतो.

बाळंतिणीचंही असंच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती अचानक झोपेनाशी झाली, भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. आई आणि बाळ दोघांना धोका असतो. बाप्तिस्म्याची तारीख पुढे ढकला, त्याच दिवशी दवाखाना गाठा. म्हातारी माणसं एका दिवसात भ्रमिष्टासारखी वागू लागली तर आधी शरीर तपासा: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, साखर. आणि फिट म्हणजे फिट. तिला गोळ्या आहेत.

कुणी म्हणालं, ‘देव माझ्याशी बोलतो’, तर लगेच आजार ठरवू नका. विश्वासू माणसं असं बोलतातच. पाहायचं ते हे: हे अचानक सुरू झालं का, झोप उडालीय का, कामधाम थांबलंय का, आवाज शिव्या देतो का, काही करायला फर्मावतो का. तसं असेल तर वाद घालू नका आणि होला होही करू नका. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, दादा. पण तुला येतोय आणि तू घाबरलायस, हे मला दिसतंय’ असं म्हणा.

बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी: हे प्रभूच्या नावाने चालत असेल तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेल्या मारहाणीला लागू होतो, मग ती कोणत्याही धर्माच्या नावाने असो. साखळीने बांधायला मानसिक आरोग्य कायद्यानेही बंदी आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या एका निवासाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेली २८ माणसं पळूही शकली नाहीत. ते ठिकाण दर्ग्याजवळचं होतं. पण श्रद्धेपोटी बांधून ठेवलेली माणसं कुठल्याही आवारात असू शकतात. कॅथॉलिक नियमांत तर भूतबाधा काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय करताच येत नाही आणि त्याआधी आजार नाही ना, हे पाहावं लागतं. ज्या मंडळ्यांत असा नियम नाही, त्यांनी स्वतःचा करावा.

उपवास, जागरण आणि गोळ्या

ज्याला आनंदाचे आणि उदासीचे झटके येण्याचा आजार आहे, त्याला रात्रभराच्या जागरण प्रार्थनेला बोलावू नका. एका रात्रीची झोप मोडल्यानेही उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. याच आजारावरच्या लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर कडक, विनापाण्याचा उपवास धोक्याचा. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियमचं प्रमाण चढतं, हात जोरात थरथरतात, जुलाब होतात, तोल जातो. त्या माणसाने ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मोबाईल सोडावा, गोड सोडावं. पाणी आणि झोप सोडू नये.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून माणसं सोडतात. बरं वाटलं म्हणूनही सोडतात. ‘गोळ्या घेतोस म्हणजे विश्वास नाही’ असं व्यासपीठावरून कुणी पाहुणा म्हणाला, तर पाळकसाहेबांनी त्याच उपासनेत, त्याच माइकवरून ते दुरुस्त करावं. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं. त्याला झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं. बोलणं फार नंतर झालं.

परत परत जाणं

हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक असतात. याच दिवसांत मंडळी गायब होते, कारण सगळ्यांना वाटतं, आता झालं बरं.

त्या चार माणसांनी वार वाटून घ्यावेत. पहिल्या आठवड्यात रोज एक फोन, दोन भेटी. मग आठवड्याला एक, तीन महिने. भेटीत डबा न्या, पण भाजी निवडायला बसा. कामात हात असले की बोलणं सुचतं. गोळ्या कुणाकडे ठेवल्यात, पुढची तारीख कधी, बसभाडं आहे का, विचारा. त्याच्याबरोबर बसून एका कागदावर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: वाईट दिवस येतोय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी आधी काय करून बघतो, कुणाकडे जाऊन बसतो, कुणाला फोन करतो, १४४१६, आणि कुठला दवाखाना. कागद पाकिटात राहू दे.

सांभाळणाऱ्या बायकोला, आईला विसरू नका. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रात रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि तेही शिकतं. मंडळीने निदान रविवारी दोन तास रुग्णाजवळ बसावं, म्हणजे ती आई उपासनेला येईल किंवा नुसती झोपेल. झोपली तर अधिक बरं.

आणि त्याचं काम त्याला परत द्या. तबला वाजवत होता तर तबला, दानपेटी मोजत होता तर दानपेटी. ‘आता विश्रांती घे’ म्हणून काढून घेतलेली जबाबदारी त्याला शिक्षेसारखी लागते.

कुणी गेलंच तर

दफनविधी इतरांसारखाच, पूर्ण करा. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात स्वतःवर हात उचललेल्यांसाठी दफनाची उपासना वापरू नये, अशी सूचना होती. कॅथॉलिकांच्या १९१७ च्या नियमांतही मनाई होती. १९८३ च्या नियमांत ती राहिली नाही. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात, तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, असं आलं आहे. तरीही ‘कबरस्तानाच्या कोपऱ्यात जागा द्या’ म्हणणारे वडील मी पाहिलेत. त्यांना कमिटीत बसवून हे वाचून दाखवा.

जाहीर करताना कुटुंबाला विचारून साधं बोला: ‘आपला भाऊ शनिवारी गेला. बराच काळ तो मनाच्या आजाराशी झुंजत होता.’ कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं, हे काही नको. ‘आता तो सुटला, शांत झाला’ हेही नको. मागच्या बाकावर असाच त्रास सोसणारं कुणी बसलेलं असतं आणि ते कान देऊन ऐकत असतं. त्या आठवड्यात तरुण संघाची मुलं एकत्र बसवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. वर्षाच्या आठवणदिनी त्या घरी जा. बहुतेक जण त्या दिवशी टाळतात.

शेवटी पाळकसाहेबांबद्दल. त्यांचं दार रात्री वाजतं, पण त्यांनी कुणाचं वाजवायचं? पास्टरेट कमिटीने त्यांना आठवड्याचा एक दिवस खरोखर मोकळा द्यावा, त्या दिवशी फोन त्या चौघांपैकी एकाकडे असावा. पाळकीणबाईंना कुणी विचारत नाही. महिला मंडळाने विचारावं. आणि बदलीची वेळ येईल तेव्हा बंगल्याच्या किल्ल्या, सभासदांचं रजिस्टर, बाप्तिस्म्याची नोंदवही यांच्याबरोबर ती फोन नंबरांची वहीही नव्या पाळकांच्या हातात द्यावी, आणि त्याच दिवशी त्यांना एकदा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीपर्यंत नेऊन आणावं.